ना शब्द, ना ठेका : कानाला विसावा देणारं संगीत

गटाच्या बैठकीत गोल करून बसलेल्या, चुलीपुढं भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्या, नि रानात बांधावर मोबाईल ठेवून खुरपणी करणाऱ्या सगळ्या तायांना, काकूंना, आज्यांना राम राम.

आपण या कार्यक्रमात कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलतो, शेळ्यांच्या लसीबद्दल बोलतो, रेशनकार्डाबद्दल बोलतो. आज आपल्या कानांबद्दल बोलायचं आहे.

सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्या कानावर काय काय पडतं, ते एकदा बोटं मोडून मोजा. पाण्याची मोटर, मिक्सर, ट्रॅक्टर, भोंगा, टीव्हीवरची मालिका, पोरांच्या मोबाईलवरच्या रील, लग्नसराईत छातीत धडधड करणारा डॉल्बी. आता यातलं आपण स्वतः निवडलेलं किती आहे, ते मोजा. बऱ्याच जणींचं उत्तर ‘काहीच नाही’ असं येईल. घरात काय शिजवायचं हे आपण ठरवतो, पण घरात काय वाजायचं हे बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी ठरवतं.

म्हणून आज एका अशा संगीताची ओळख करून घेऊ, जे मुळात विसाव्यासाठीच तयार झालं. त्याला ‘अँबियंट’ म्हणतात. त्याचंच जरा ठेका असलेलं भावंडं म्हणजे ‘चिलआउट’. नावं परकी आहेत, संगीतही परदेशात वाढलेलं आहे. पण ऐकायला लागलात की पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतील.

हे संगीत असतं तरी कसं?

‘अँबियंट’ म्हणजे सभोवतालचं, आजूबाजूला पसरलेलं. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो, तसं हे संगीत खोलीत पसरून राहतं. त्यात बहुधा शब्द नसतात. ढोलकी-तबल्यासारखा ठेकाही नसतो. एक सूर हळूच येतो, लांबतो, विरतो. त्याच्या मागून दुसरा येतो. कधी त्यात पावसाचा, लाटांचा, पाखरांचा खरा आवाज मिसळलेला असतो. गाणं कधी सुरू झालं नि कधी संपलं, ते पटकन कळतही नाही.

कीर्तनात किंवा गाण्याच्या बैठकीत मागं तानपुरा वाजतो, तो आठवा. तानपुरा गाणं म्हणत नाही, पण तो थांबला तर सगळं उघडं पडल्यासारखं होतं. आपल्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे घडवणारे कारागीर आहेत. आता गायकाला बाजूला काढा, तबला काढा, नि मागचा तो झंकारच मुख्य धरा. त्यात आणखी चार-दोन सूर सावकाश येऊ-जाऊ द्या. अँबियंट संगीताची साधारण कल्पना तुम्हाला येईल.

यातले बरेचसे आवाज ‘सिंथेसायझर’ नावाच्या यंत्रातून येतात. वरातीतल्या बँजो पार्टीत कीबोर्ड असतो ना, तो त्याच जातीचा. या यंत्रात विजेच्या कंपनातून सूर तयार होतो. मग तो गाळणीतून चहा गाळावा तसा गाळला जातो. गाळण बारीक केली की आवाज मऊ, गोल येतो. मोठी केली की तो धारदार येतो. शेवटी त्या आवाजाला घुमारा दिला जातो, म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात बोलल्यावर जसं घुमतं तसं. या तीन गोष्टी जमल्या की एका बोटानं दाबलेली एक पट्टीसुद्धा मिनिटभर तरंगत राहते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ऐकू आलेला पाऊस

या संगीताची गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. एरिक साती नावाचे एक संगीतकार पॅरिसमध्ये राहत. १९१७ च्या सुमारास त्यांनी एक कल्पना मांडली : खोलीत खुर्ची-टेबल असतं, तसंच संगीतही असावं. ते आहे म्हणून बरं वाटावं, पण त्याच्याकडं टक लावून कुणी बसू नये. १९२० साली पॅरिसमध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात त्यांनी असं संगीत वाजवून पाहिलं. गंमत अशी झाली, की वाद्यं वाजू लागताच लोक गप्प बसून ऐकायलाच लागले. साती बिचारे सांगत फिरले, की अहो बोला, फिरा, ऐकू नका! लोकांना ते काही जमेना.

त्यानंतर जवळजवळ पंचावन्न वर्षांनी, म्हणजे १९७५ च्या सुरुवातीला, इंग्लंडमधल्या ब्रायन ईनो नावाच्या संगीतकाराला लंडनमध्ये टॅक्सीची धडक बसली. ते घरी अंथरुणावर पडून होते. एक मैत्रीण भेटायला आली नि जाताना जुन्या हार्प वाद्याची तबकडी देऊन गेली. हार्प म्हणजे उभं, मोठं, तारांचं वाद्य. ईनोंनी कसंबसं उठून तबकडी लावली नि परत येऊन पडले. मग लक्षात आलं, की आवाज फारच बारीक आहे नि एका बाजूचा स्पीकर बंद आहे. पुन्हा उठायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजातून मधूनच हार्पचा एखादा सूर ऐकू येई, पुन्हा बुडून जाई. पडल्या पडल्या ऐकताना त्यांच्या लक्षात आलं, की संगीत असंही ऐकता येतं : पाऊस, उजेड, वारा यांच्याबरोबरीनं, त्यांच्यातलंच एक होऊन.

त्याच वर्षी त्यांनी ‘डिस्क्रीट म्युझिक’ ही तबकडी काढली. तिची एक बाजू म्हणजे अर्ध्या तासाचा एकच संथ तुकडा आहे. आणि १९७८ साली आलं ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’, म्हणजे विमानतळासाठी संगीत. विमानतळावर माणसं ताटकळलेली असतात, मनात धाकधूक असते. तिथं उगाच आनंदी गाणी लावण्यापेक्षा धीर देणारं काहीतरी असावं, असं त्यांना वाटलं. पुढं न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाच्या एका इमारतीत ते काही काळ वाजवलंही गेलं. ‘अँबियंट’ हे नाव या संगीताला त्यांनीच दिलं.

गाईंच्या गळ्यातल्या घंटा

‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’मधला एक तुकडा कसा बनवला, ते ऐकण्यासारखं आहे. त्यात बायकांच्या आवाजातले नुसते लांब ‘आ’कार आहेत. प्रत्येक सूर टेपच्या वेगळ्या तुकड्यावर भरला नि टेपची दोन टोकं जोडून तिचं कडं केलं. कडं फिरत राहतं, सूर पुन्हा पुन्हा येतो. पण प्रत्येक कड्याची लांबी वेगळी. एक सूर साधारण साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळजवळ सव्वीस सेकंदांनी, तिसरा जवळजवळ तीस सेकंदांनी. त्यामुळं कधी दोन सूर एकत्र येतात, कधी एकटाच येतो, कधी मध्ये नुसती शांतता असते. तीच मांडणी पुन्हा लवकर येत नाही.

हे अवघड वाटत असेल, तर संध्याकाळी गुरं परत येतानाचा आवाज आठवा. प्रत्येक जनावराच्या गळ्यात घंटा असते. प्रत्येकीचा नाद निराळा, प्रत्येकीची चाल निराळी. कुणी ठेका धरलेला नसतो, तरी ऐकायला गोड लागतं. कुठली घंटा आधी वाजेल ते ठरलेलं नसतं, म्हणून कानही कंटाळत नाही. ईनोंनी टेपच्या कड्यांतून साधलं ते हेच.

या वाटेवरच्या बायका

अशा गोष्टी सांगताना पुरुषांचीच नावं पुढं येतात. म्हणून तीन बायकांची ओळख मुद्दाम करून देते.

पहिल्या, अमेरिकेतल्या पॉलीन ऑलिव्हेरॉस. जन्म १९३२, निधन २०१६. त्या अकॉर्डियन वाजवत. आपल्या पेटीसारखाच त्याला भाता असतो, फक्त ते गळ्यात अडकवून वाजवतात. १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात त्यांनी बायकांचा एक गट जमवला. या बायका ठरलेल्या दिवशी एकत्र बसत नि ऐकण्याचा सराव करत. होय, ऐकण्याचा! डोळे मिटून जवळचा आवाज ऐकायचा, मग लांबचा ऐकायचा, मग स्वतःचा श्वास ऐकायचा, हळूच एक सूर लावायचा. गाणं शिकलेली असण्याची अट नव्हती. पुढं १९८८ साली त्या दोन साथीदारांना घेऊन जमिनीखालच्या एका रिकाम्या, प्रचंड पाण्याच्या टाकीत उतरल्या. तिथं काढलेला आवाज पंचेचाळीस सेकंद घुमत राहायचा. आपण लहानपणी विहिरीत वाकून हाक मारायचो, तसंच, पण कितीतरी पट मोठं. तिथं मुद्रित केलेली ‘डीप लिसनिंग’ ही तबकडी १९८९ मध्ये आली. तिच्यातला घुमारा कुठल्या यंत्राचा नाही, त्या टाकीचाच आहे.

दुसऱ्या, फ्रान्समधल्या एलियान रादीग. यांचाही जन्म १९३२ चा. तीन मुलं वाढवली नि मग घरातल्या खोलीत सिंथेसायझर ठेवून वर्षानुवर्षं एकटीनं काम केलं. यांच्या रचनेत सूर इतका सावकाश बदलतो, की पहाट कशी होते ते कळत नाही तसं वाटतं. त्या बौद्ध मार्गाकडं वळल्या होत्या. त्यांची तीन भागांची मोठी रचना मृत्यूबद्दल आहे. पहिला भाग पूर्ण झाल्यावर त्यांचा मुलगा अपघातात गेला. दुसऱ्या भागाचं नाव आहे ‘कैलाश’. कैलास पर्वताभोवतीची ती मनातल्या मनात केलेली प्रदक्षिणा आहे. ज्या आईनं दुःख पाहिलंय, तिला या आवाजाची भाषा शिकवावी लागत नाही.

तिसऱ्या, जपानच्या मिदोरी ताकादा. १९८३ साली त्यांनी एक तबकडी केली. त्यात लाकडी पट्ट्यांचं मरिंबा, घंटा, थाळ्या, इतकंच काय शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा वाजवल्या आहेत, नि सगळी वाद्यं एकटीनं! ही विजेच्या यंत्रांची कमाल नव्हे, पण अँबियंट ऐकणारे ती आपलीच मानतात. तेव्हा ती फारशी कुणाच्या कानावर गेली नाही. पुढं इंटरनेटवर लोकांना ती सापडली, नि २०१७ साली ती पुन्हा बाजारात आली. म्हणजे केलेलं काम चौतीस वर्षांनी लोकांपर्यंत पोचलं.

चिलआउट आणि गोव्याच्या चटया

आता चिलआउटकडं वळू. १९८० च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या क्लबांमध्ये तरुण पोरं रात्रभर नाचू लागली. ते संगीत मिनिटाला एकशेवीसच्या वर ठोके पडणारं. नाचून दमलेल्यांना टेकायला जागा हवी, म्हणून १९८९ च्या सुमारास ‘हेवन’ नावाच्या क्लबात एका खोलीत संथ संगीत लावायला सुरुवात झाली. अशा खोलीला ‘चिलआउट रूम’ म्हणू लागले. १९९० साली ‘द केएलएफ’ या जोडगोळीनं ‘चिल आउट’ याच नावाची तबकडी काढली. रात्रीच्या लांबच्या प्रवासाचं ते चित्र आहे. आगगाडी जाते, मेंढ्या ओरडतात, लांबून रेडिओ ऐकू येतो. वेष्टनावरही कुरणात निवांत बसलेल्या मेंढ्याच आहेत. आपल्या धनगर भगिनींना ते चित्र पाहून हसू येईल. स्पेनच्या इबिझा बेटावर समुद्रकाठच्या ‘कॅफे देल मार’ या हॉटेलात सूर्य मावळताना असंच संगीत लावत. त्याच्या तबकड्या १९९४ पासून निघू लागल्या नि चिलआउट जगभर गेलं.

या गोष्टीत आपला गोवाही आहे. १९७० च्या दशकापासून हणजुणे, वागातोरच्या किनाऱ्यांवर परदेशी लोक रात्र-रात्र नाचत. तिथूनच पुढं ‘गोवा ट्रान्स’ नावाचं जलद संगीत जगात गेलं. त्या नाचणाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत. पण नाचाच्या जागेच्या कडेला गावातल्या बायका चटया अंथरून, रॉकेलचे दिवे लावून, चहा नि खाण्याचं विकत. दमलेली माणसं त्या चटयांवर येऊन टेकत, चहा पीत, पहाटेपर्यंत पडून राहत. लंडनच्या क्लबात त्यासाठी खोली बांधली. गोव्यात विसाव्याची ती जागा गावातल्या बायकांनी चटई टाकून उभी केली होती, रात्रभर जागून, पोटासाठी. संगीताच्या इतिहासात त्यांचं नाव कुणी लिहीत नाही, म्हणून आपण इथं त्यांची आठवण काढू.

चिलआउट नि अँबियंट यांत फरक एवढाच, की चिलआउटमध्ये ठेका असतो. तो सावकाश असतो, निवांत चालताना पावलं पडावीत तसा. ज्यांना ठेक्याशिवाय चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, त्यांनी आधी चिलआउट ऐकावं नि मग अँबियंटकडं जावं.

कामाला जुंपणारं आणि मोकळं करणारं

इथं एक महत्त्वाची गोष्ट समजून घेऊ. मागं हळू आवाजात संगीत लावायची कल्पना कारखानदारांनाही सुचली होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या कारखान्यांत हजारो बायका कामाला होत्या. १९४० साली बीबीसी रेडिओनं ‘काम करता करता संगीत’ अशा अर्थाचा कार्यक्रम सुरू केला. तो दिवसातून दोनदा कारखान्यांत वाजे. हेतू असा, की कंटाळा जावा नि हात भरभर चालावेत. अमेरिकेत ‘म्यूझॅक’ नावाच्या कंपनीनं तर दुपारी कामगार पेंगू लागला की हळूहळू जोर वाढत जाणारं संगीत पुरवण्याचा धंदाच केला.

ईनोंनी आपलं संगीत यापासून मुद्दाम वेगळं ठेवलं. माणसाला हुशारीत आणून कामाला लावणं हा त्यांचा हेतू नव्हता. माणसाला शांत होऊन विचार करायला जागा मिळावी, हा होता.

आपल्याकडंही कामाबरोबर संगीत होतंच. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणत. पण त्या ओव्या पीठ लवकर पडावं म्हणून कुणी लावून दिलेल्या नव्हत्या. त्या बाईच्या स्वतःच्या होत्या. माहेरची आठवण, सासरची तक्रार, विठ्ठलाशी केलेलं भांडण, सगळं त्यात होतं. हात धन्याच्या घरचे असले तरी मन तिचं तिच्या ताब्यात होतं.

म्हणून आज आपण जे ऐकू, त्याला हाच प्रश्न विचारायचा. हे ऐकून मी आणखी दोन कामं ओढणार आहे, की घटकाभर माझी मी होणार आहे? आणि घरच्यांनाही एक गोष्ट सांगायची. कान शांत झाले म्हणून डोक्यावरची घागर हलकी होत नाही. दमलेल्या बाईला संगीत लावून देणं नि भांडी तिच्यासाठीच ठेवणं, याला विसावा म्हणत नाहीत. आधी कामाची वाटणी व्हायला हवी. संगीत त्यानंतर.

सापडायचं कसं?

आता कामाचं बोलू. मोबाईलवर यूट्यूब उघडा. माईकचं चिन्ह दाबा नि मराठीत स्पष्ट म्हणा : ‘ब्रायन ईनो म्युझिक फॉर एअरपोर्ट्‌स’. टाईप करायची गरज नाही. पहिल्यांदा नुसतं ‘रिलॅक्सिंग म्युझिक’ असं म्हणू नका. तसं म्हटलं तर हजारो एकसारखी, घाईत बनवलेली गाणी समोर येतात. कलाकाराचं नाव घेऊन शोधा. एक आवडला की त्याच्या शेजारचा शोधा. नवं बियाणं आपण आधी एका वाफ्यात लावून बघतो, तसं.

सुरुवातीला ही चार नावं पुरेत. एक, ईनोंचं वर सांगितलेलं. दोन, जपानच्या हिरोशी योशिमुरा यांचं ‘म्युझिक फॉर नाईन पोस्टकार्ड्‌स’. हे १९८२ चं आहे, अगदी साधं, पावसाळी दुपारी ऐकावं असं. तीन, लाराजी या अमेरिकन वादकाचं १९८० चं ‘डे ऑफ रेडियन्स’. लाराजी न्यूयॉर्कच्या बागेत बसून झिदर वाजवायचे. ते आपल्या स्वरमंडळासारखं तारांचं वाद्य. ईनोंनी त्यांना तिथं ऐकलं नि ही तबकडी करवून घेतली. आपल्या कानाला हे सगळ्यात लवकर रुचेल. चार, मिदोरी ताकादा.

रेडिओची सवय असेल, तर अमेरिकेतलं ‘सोमा एफएम’ हे इंटरनेट रेडिओ केंद्र आहे. जाहिराती नाहीत, ऐकणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतं. त्यावर ‘ड्रोन झोन’ म्हणजे अँबियंट नि ‘ग्रूव्ह सॅलड’ म्हणजे चिलआउट. आपल्यासारख्या रेडिओचा या संगीताशी जुना संबंध आहे, बरं का! कॅलिफोर्नियातल्या केपीएफए या केंद्रावर १९७३ साली रात्री उशिरा असं संगीत लावणारा ‘हार्ट्‌स ऑफ स्पेस’ कार्यक्रम सुरू झाला. ते केंद्रही १९४९ पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर चालत आलेलं. पुढं तो कार्यक्रम अमेरिकाभर ऐकला गेला.

डेटाचा हिशेबही सांगते. नुसता आवाज साधारण चांगल्या दर्जात ऐकला, तर तासाला साठ एमबीच्या आसपास जातो. व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून यूट्यूबवर व्हिडिओचा दर्जा सगळ्यात खाली ठेवा. इंटरनेट रेडिओ असेल तर पडदा बंद करून ऐका. घरात एकच फोन असेल नि तो संध्याकाळी पोरांच्या अभ्यासाला लागत असेल, तर दुपारची वेळ ठरवून घ्या.

ऐकताना एवढं सांभाळा

आवाज हळू ठेवा. हे संगीत मोठ्यानं ऐकलं तर त्याचा अर्थच जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ऐंशी डेसिबलच्या आवाजात आठवड्याला चाळीस तासांपेक्षा जास्त ऐकू नये, नि फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा. म्हणजे शंभरातल्या साठाच्या आत.

रस्त्यानं चालताना, रानात, अंधारात कानात काही घालू नका. मागून येणारी गाडी, गवतातली सळसळ, ओट्यावर रडणारं लेकरू ऐकू यायलाच हवं. झोपताना कानात वायरी अडकवण्यापेक्षा फोन उशीपासून हातभर लांब ठेवा. अर्ध्या तासानं आपोआप बंद होण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये असते, ती लेकीकडून लावून घ्या.

काही व्हिडिओंवर लिहिलेलं असतं, की अमुक हर्ट्झचा आवाज ऐका, साखर उतरेल, गाठ विरघळेल, थायरॉईड जाईल. त्यावर विश्वास ठेवू नका. शांत संगीतानं मनाला बरं वाटतं, झोपायच्या वेळी अंग सैल पडायला मदत होते, इथपर्यंत खरं. औषधाची गोळी त्यासाठी बंद करायची नाही. आणि दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, जिवाला काही करून घ्यावंसं वाटत असेल, तर आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात जा. ‘टेलि-मानस’ची सरकारी मदतवाहिनी आहे, नंबर १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

‘हे कसलं गाणं?’

घरात कुणीतरी म्हणेलच, की हे कसलं गाणं, ना शब्द ना चाल, फ्रीज घरघरल्यासारखं वाटतंय! वाटू द्या. पहिल्यांदा तसं वाटतंच. पाच मिनिटांत आवडलं नाही तर बंद करा. आपल्याला कुठं परीक्षा द्यायची आहे? भजन सोडून हे ऐका, असंही मी म्हणत नाही. भजनात आपण गातो, शब्दाला शब्द लावतो, टाळ वाजवतो. तिथं आपण काही देत असतो. इथं काहीच द्यायचं नाही, नुसतं बसायचं. दोन्हीची वेळ वेगळी.

आणि कुणी म्हणेल, वेळ कुठाय? वेळ नाही हे खरंच आहे. म्हणूनच आपल्या गटाला एक सुचवते. पुढच्या बैठकीत वसुली झाली, वहीवर सह्या झाल्या, की घरी पळायच्या आधी दहा मिनिटं बसा. मध्ये एक फोन ठेवा. घुमारा हवा असेल तर तो रिकाम्या पातेल्यात ठेवा, आवाज भरून येतो. दारं उघडीच राहू द्या, बाहेरचा वारा, कोंबडी, पाखरं सगळं आत येऊ द्या. डोळे मिटा किंवा उघडे ठेवा. कुणाला डुलकी लागली तर उठवू नका. संपल्यावर प्रत्येकीनं एकच सांगायचं : या दहा मिनिटांत मला कुठला आवाज ऐकू आला, जो एरवी येत नाही?

दुसरं काम अध्यक्ष-सचिवांनी करायचं. गावातल्या कार्यक्रमांत ध्वनिक्षेपकाचा आवाज किती नि कधीपर्यंत, यावर ग्रामसभेत एकदा बोला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. ठराविक सणांना काही दिवसांची सूट शासन देतं, ती वेगळी. वस्तीत दिवसा पंचावन्न नि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही मर्यादा आहे. गावात बाळंतीण असते, म्हातारी माणसं असतात, दहावीची पोरं असतात. आपल्या मोबाईलवर दहा मिनिटं शांत संगीत लावणं नि गावाच्या शांततेबद्दल बोलणं, ही दोन्ही कामं एकाच कानाची आहेत.

तुमच्या गटानं काय ऐकलं, कुणाला आवडलं, कुणाला फ्रीजच वाटला, ते आम्हाला पत्रानं किंवा केंद्रावर फोन करून जरूर कळवा. ज्यांच्याकडं मोठा फोन नाही, त्यांनीही कळवा, म्हणजे असे तुकडे आपल्या रेडिओवरच कधी लावता येतील, ते ठरवू.

पुढच्या भागात परसबागेतल्या शेवग्याबद्दल बोलू. तोवर कान जपा, एकमेकींना जपा. नमस्कार.